ऐंशी सालची शेवटची बाटली

अमादेउच्या नाकाला पोर्तुगालच्या गाया शहरात मान होता. नदीकाठच्या पोर्ट वाइनच्या एका जुन्या वखारीत तो चाखणारा होता. रोज सकाळी त्याच्यापुढे पेल्यांची रांग लागायची. तो एकेक उचलायचा, हुंगायचा, घोट तोंडात घोळवून थुंकायचा आणि निकाल सांगून पुढच्या पेल्याकडे वळायचा. एका पेल्याला मिनिटभर लागलं तर खूप. बहुतेक वाइन कोवळी, नुकती डोंगरावरून उतरलेली; तिला आणखी वेळ देण्याची गरजही नसे. त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नसत, आणि ज्याचा शब्द फार वर्षं खाली पडत नाही त्याचं जे होतं तेच त्याचं झालं होतं. आपण एकदा हुंगलं की झालं, असं त्याला वाटायचं.

त्याचा सासरा बेलार्मिनो दोरू नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावात राहायचा. नव्वदीला टेकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे कामातून गेलेले. जीभ मात्र जशीच्या तशी. "जावईबापू, तुमच्या नाकाचा विमा उतरवलाय म्हणे. डोक्याचा कधी?" असं तो दर भेटीत विचारायचा, आणि अमादेउ दर भेटीत हसायचा. जावयाला दुसरं करता काय येतं?

बेलार्मिनोच्या मळ्याला लागून, मधे एक दगडी भिंत टाकून, एवारिस्तोचा मळा. दोघं एका शाळेत शिकलेले, एका हौदात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून द्राक्षं तुडवलेले. ऐंशी साली त्यांचं फाटलं. त्या साली गायाहून खरेदीदार आला, त्याने भिंतीच्या दोन्ही बाजूंची वाइन चाखली आणि एवारिस्तोची विंटेजसाठी उचलली. विंटेज म्हणजे एकाच सालाची, बाटलीत घालून आयुष्यभर मुरवायची उंची पोर्ट. बेलार्मिनोच्या वाइनला तो म्हणाला, चालेल, मिसळायला चालेल. बेलार्मिनोने त्याला अंगणातूनच वाट दाखवली. "त्या माणसाला सर्दी झाली होती," असं त्याने गावभर सांगितलं. मग सगळ्यात चांगलं पिंप विकलंच नाही. स्वतः बाटल्या भरल्या, तळघरात आडव्या ठेवल्या, प्रत्येकीच्या वरच्या अंगाला चुन्याचा पांढरा ठिपका दिला, म्हणजे हलवली तरी परत त्याच कुशीवर ठेवता यावी. आणि जाहीर केलं, "कोणाची खरी ते वय ठरवील."

तेव्हापासून दर नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाला तो एक बाटली उघडायचा आणि भिंतीपाशी उभा राहून मोठमोठ्याने तिचं कौतुक करायचा. एवारिस्तोला थेंबही द्यायचा नाही. एवारिस्तो पलीकडून ओरडायचा, "चांगली असती तर एवढं ओरडायला लागलं नसतं!" असा हा पंचेचाळीस वर्षांचा सण.

आता बाटली उरली होती एक. आणि अमादेउला त्या बाटलीची काळजी वेगळ्याच कारणाने होती. म्हातारा या हिवाळ्यात एकटा राहिला तर चुलीपाशीच एखाद्या सकाळी सापडेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. अमादेउ आणि त्याची बायको फिलोमेना त्याला गायातल्या आपल्या घरी न्यायला बघत होती. मळ्याला गिऱ्हाईकही लागलं होतं. हे शेवटचं त्यांनी अजून म्हाताऱ्याच्या कानावर घातलं नव्हतं. येण्याचं म्हणाल तर बेलार्मिनो एका अटीवर तयार झाला होता.

"सेंट मार्टिनला ती शेवटची उघडायची," तो लेकीला म्हणाला होता, "आणि एवारिस्तोला जेवायला बोलवायचं. त्याने चाखायची. माझी सरस, हे त्याच्या तोंडून ऐकलं की मी मोकळा. मग कुठं न्यायचं तिथं न्या. गायाला न्या, नाहीतर नरकात न्या, मला दोन्ही सारखंच."

"आणि तो नाही म्हणाला तर, बाबा?"

"तर मी इथंच मरेन. त्याच्यावर डोळा ठेवून."

म्हणून सणाच्या सकाळी अमादेउ चांगल्या तयारीनिशी स्वयंपाकघरात उभा राहिला. फिलोमेनाने करडाचं मांस भट्टीत घातलं आणि ती चर्चला गेली. म्हातारा आत न्हाव्यासमोर दाढी करून घेत बसला होता. बाटली दोन दिवस आधीच उभी केली होती, साका तळाला बसावा म्हणून. इतकं जुनं बूच स्क्रूने काढायला गेलं तर भुसा होतो, म्हणून त्याने लोखंडी सांडशी चुलीत लाल केली, बाटलीच्या मानेला धरली आणि मग ओलं फडकं लावलं. मान टक्कन सुटली. मेणबत्तीच्या उजेडावर बाटली तिरकी धरून त्याने वाइन हळूहळू घरातल्या एकुलत्या एक सुरईत ओतली आणि साका मानेशी येताच हात थांबवला. इथपर्यंत सगळं अगदी नियमाप्रमाणे.

मग त्याने एका पेल्यात थोडी घेतली आणि हुंगली.

तुंबलेल्या मोरीचा वास आला. त्याने पेला गरगर फिरवला, परत नाक घातलं. मोरी तशीच, वर ओल्या चामड्याची भर. घोट घेतला तर चव पाणचट, मागे कडवटपणा. त्याने मोरीत थुंकलं. गेली होती. म्हाताऱ्याने पंचेचाळीस वर्षं जिच्या जिवावर भांडण चालवलं, ती वाइन मरून पडली होती. आणि थोड्याच वेळात एवारिस्तो तिचा वास घेऊन हसणार होता.

अमादेउने हे सगळं एका मिनिटात ठरवलं. सवयच ती.

पुढचंही त्याने तितक्याच झटपट ठरवलं. तळघरात त्याच सालची आणखी एक बाटली होती, हे फक्त त्याला ठाऊक होतं. ती एवारिस्तोची होती. अमादेउच्या लग्नात एवारिस्तोने ती भिंतीवरून गुपचूप त्याच्या हातात दिली होती; त्याच्याजवळ उरलेली ती शेवटची. सासऱ्याच्या घरात तिचं नाव काढणंही पाप, म्हणून अमादेउने ती रिकाम्या खोक्यांमागे लपवली होती. दुसरी कुठलीही कोवळी वाइन सुरईत घातली असती तर रंगावरूनच पकडली गेली असती. म्हातारी पोर्ट विटकरी होते, कडेला मधासारखी दिसते. ही तरी त्याच वयाची, त्याच डोंगराची. एवारिस्तो आता शहाऐंशी वर्षांचा, त्याने स्वतःची वाइन चाखून वीस वर्षं झाली असतील. कशाला ओळखतोय?

पण सुरई एकच. त्या घरात उरलेली वाइन कधी मोरीत ओतत नाहीत, ती व्हिनेगरच्या पिंपात जाते. अमादेउने सुरई पिंपात उपडी केली. गळगळ आवाज झाला आणि ऐंशी साल संपलं. हातातला चाखलेला पेला त्याने घाईघाईत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला आणि सांडशी परत चुलीत घातली.

आपण म्हाताऱ्यावर उपकार करतोय, असं तो स्वतःला सांगत होता. थोडंफार खरंही होतं. पण उपकार करणारा माणूस दाराकडे असं वळूनवळून पाहत नाही.

जेवायला चौघंच. बेलार्मिनो लग्नाला निघाल्यासारखा नटून बसला होता. एवारिस्तो काठी टेकत आला, दारात टोपी काढली आणि म्हणाला, "पंचेचाळीस वर्षांनी या घरात पाय ठेवतोय. छत तेच दिसतंय, गळकं."

"तुझ्यासाठीच ठेवलंय," बेलार्मिनो म्हणाला. "बस. कोट काढ. आज तुझी जिरवायची आहे, घाम येईल."

करडू झालं, चीज झालं, भाजलेले चेस्टनट आले. मग सुरई. त्या गावात ज्याची वाइन तो शेवटी बोलतो, आणि पाहुणा पहिल्यांदा. तोवर बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. अमादेउने पेले भरले. त्याला फिलोमेनाकडे बघवेना.

एवारिस्तोने पेला उचलला, उजेडाकडे धरला आणि नाकाशी नेला. तो तसाच थांबला. त्याच्या सुरकुतलेल्या गालाची एक शीर हलली. त्याने पेला खाली घेतला, परत नाकाशी नेला आणि या वेळी डोळे मिटले. मग छोटा घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, गिळला. डोळे उघडले तेव्हा ते सरळ अमादेउवर आले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चांदणं नव्हतं, लख्ख ऊन होतं. एवारिस्तोने ओळखली होती. स्वतःच्या पोटच्या पोराला माणूस गर्दीत ओळखतो, तशी. अमादेउला पुढचं दिसायला लागलं. आता हा उठेल, टेबलावर मूठ आपटेल, आणि म्हातारा इथंच छातीला हात लावून कोसळेल.

"बोल की!" बेलार्मिनो ओरडला. "का जीभ गिळलीस वाइनबरोबर?"

एवारिस्तोने बेलार्मिनोकडे पाहिलं. त्याच्या नव्या दाढीकडे, घट्ट बांधलेल्या टायकडे, टेबलाची कड धरून बसलेल्या हाताकडे.

"तुझी सरस आहे," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा सरस. त्या माणसाला खरंच सर्दी झाली असणार."

बेलार्मिनोचा खालचा ओठ लहान मुलासारखा हलला. मग त्याने आपला पेला उचलला, न हुंगताच घोट घेतला, आणि एकदा जो सुरू झाला तो थांबेना. ही बघ, हे माझ्या मळ्याचं सोनं! हा गोडवा बघ, जिभेवरून कसा उतरतो! "तुझ्या मळ्याला जमलं असतं का रे हे? तू सगळी घाई करणारा, हौदातून दोन तास आधी बाहेर पडणारा टिनपाट माणूस! कबूल कर!"

"कबूल," एवारिस्तो म्हणाला.

"टिनपाट?"

"टिनपाट."

अमादेउला पुढ्यातला पेला उचलवेना. एक माणूस स्वतःच्याच वाइनची थोरवी ऐकत होता, आणि तिच्याच नावाने शिव्या खात होता, आणि मान डोलावत होता. हे अमादेउने केलं होतं. एकाला खोटं सुख दिलं आणि त्यासाठी दुसऱ्याचं खरं सुख उचलून नेलं, विचारलंसुद्धा नाही. फिलोमेना टेबलाखालून त्याचा हात दाबत होती, आनंदाने. तिला वाटलं, सगळं जमलं. त्याने हात सोडवून घेतला आणि ताटं गोळा करून तो स्वयंपाकघरात गेला.

थोड्या वेळाने मागून काठीचा आवाज आला. एवारिस्तो दाराला टेकून उभा राहिला.

"चांगली राहिली रे माझी," तो म्हणाला. "मलाच वाटलं नव्हतं."

"एवारिस्तोकाका, मला माफ करा."

"बेलार्मिनोने तिला सोनं म्हटलं. पंचेचाळीस वर्षं मी हे ऐकायला कान लावून बसलो होतो. आज ऐकलं. त्याला ठाऊक नाही, एवढंच." त्याने नाक शिंकरलं. "त्याची गेली होती का?"

"पार मेली होती. म्हणून तर. मी उगीच नाही केलं हे, काका." अमादेउला एकाएकी स्वतःची बाजू मांडायची घाई झाली. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळचा पेला तसाच होता. त्याने तो उचलून एवारिस्तोच्या हातात दिला. "हा घ्या, वास घेऊन बघा तुम्हीच. दुसरा मार्गच नव्हता."

एवारिस्तोने वास घेतला. खूप वेळ त्याने नाक पेल्यातून बाहेर काढलंच नाही.

"कधी उघडलीस?"

"सकाळी. फिलोमेना चर्चला गेली तेव्हा."

"आणि ओतलीस कधी?"

"लगेच. पिंपात."

"पोरा," एवारिस्तो हळू म्हणाला, "तू वास घे."

अमादेउने पेला नाकाशी नेला. मोरी नव्हती. चामडं नव्हतं. उन्हात तापलेल्या डोंगरावरच्या झुडपांचा चिकट वास होता, अंजिराचा होता, अक्रोडाचा होता, सुकलेल्या जांभळ्या फुलांचा होता, आणि या सगळ्यांच्या मागे आणखी काहीतरी होतं ज्याला त्याच्याकडे शब्द नव्हता. एवारिस्तोची वाइन चांगली होती. ही थोर होती.

इतकी वर्षं कोंडलेली वाइन पहिल्यांदा दुर्गंधी सोडते आणि मग हवा मिळाली की तासातासाने उमलते, हे त्याला ठाऊक नव्हतं का? नोकरीला लागलेल्या पहिल्या आठवड्यात ठाऊक झालं होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि थांबणं वेगळं. त्याने पिंपाकडे पाहिलं. पिंप गच्च बंद होतं, आणि आत जे गेलं ते गेलं.

"मघाशी मी खोटं बोललो," एवारिस्तो म्हणाला, "ते खरंच निघालं की रे." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "एवढीच उरली?"

"एवढीच."

"ने त्याला."

"नेली तर सगळं सांगावं लागेल."

"हो."

"आज तो इतका खूश आहे, काका."

"खूश आहे, माझ्या वाइनवर. मी आत्ता हा पेला पिऊन टाकतो, तू तोंड मिटून बस, त्याला गायाला घेऊन जा. कोणाला काही कळणार नाही. मी तर आता किती दिवसांचा. तू मात्र बराच काळ जगशील." त्याने हात पुढे केला. "देतोस?"

अमादेउने पेला दिला नाही. तो दोन्ही हातांत धरून, सांडेल म्हणून जपत, तो बाहेर निघाला.

बेलार्मिनो ओट्यावर उन्हात बसला होता, मांडीवर घोंगडी. फिलोमेना चेस्टनट सोलून त्याच्या हातात देत होती.

"आणखी आणलीत? शाब्बास, जावईबापू. आज पहिल्यांदा कामाला आलात." त्याने पेला घेतला, नाकाशी नेला, आणि त्याचा हात अर्ध्यावर थांबला. त्याने परत वास घेतला. चेहऱ्यावरचं सगळं हसू आत कुठंतरी गेलं.

"ही माझी आहे," तो म्हणाला. मग अमादेउकडे वळून, "मघाची कोणाची होती?"

अमादेउने उभ्याउभ्याच सांगितलं. सकाळचा वास, पिंप, लपवलेली बाटली, एवारिस्तोची. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण तो थांबला नाही. तुम्ही खूश असलात की गायाला यायला कुरकुर करणार नाही, म्हणून केलं, असंही सांगितलं. मळ्याला गिऱ्हाईक बघून ठेवलंय, हेही सांगितलं. फिलोमेनाच्या हातातला चेस्टनट खाली पडला.

"पिंपात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो, बाबा."

"सगळी?"

"एवढी सोडून."

म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. "वास मारत होती?"

"हो."

"पंचेचाळीस वर्षं बूच लावून कोंडल्यावर कोणीही तोंड उघडलं की वासच मारणार. अत्तर शिंपडेल का? मीसुद्धा सकाळी उठतो तेव्हा वास मारतो, जावईबापू. दुपारपर्यंत माणसात येतो. माझाही निकाल तुम्ही दोघांनी सकाळीच लावून ठेवलात ना?"

फिलोमेना तोंड फिरवून रडायला लागली. अमादेउला रडूही येईना.

"एवारिस्तो!" म्हाताऱ्याने हाक मारली. "दाराआड उभा राहून ऐकू नकोस. ये पुढं."

"ऐकत नव्हतो, गुडघा धरलाय," म्हणत एवारिस्तो पुढे आला.

"मघाशी मी तुझ्या वाइनला सोनं म्हणालो?"

"म्हणालास."

"आणि तुला टिनपाट?"

"तेही म्हणालास."

"पहिलं परत घेत नाही."

"आणि दुसरं?"

"दुसरं तर मुळीच नाही."

बेलार्मिनोने घोट घेतला आणि पेला एवारिस्तोकडे दिला. त्याने घोट घेतला आणि बेलार्मिनोच्या खांद्यावर हात ठेवला, हौदात ठेवायचे तसा. दोघं डोंगर उतरत गेलेल्या मळ्याच्या पायऱ्यांकडे, लाल झालेल्या वेलींकडे बघत राहिले. मग बेलार्मिनोने पेला परत घेतला, तळाशी काय उरलंय ते पाहिलं आणि अमादेउपुढे धरला.

"घ्या."

"नको, बाबा. ती तुमची आहे."

"घ्या म्हणतो ना. काय ओतलंत ते तुमचं तुम्हाला कळू दे."

अमादेउने घोट घेतला. आयुष्यात त्याने इतके पेले थुंकले होते, हा त्याला गिळवेना आणि थुंकवेना. इतकी चांगली वाइन त्याने कधी चाखली नव्हती आणि पुन्हा कधी चाखणार नव्हता, कोणीच चाखणार नव्हतं. तिची चव घशाखाली उतरली तरी संपत नव्हती, आणि जितकी ती राहिली तितकी त्याला स्वतःची लाज वाटत राहिली.

"बोला," म्हातारा म्हणाला. "तुमचा धंदाच तो. कशी आहे?"

अमादेउने पेला खाली ठेवला. "नाही सांगता येत, बाबा," तो म्हणाला.

बेलार्मिनोने काठीने शेजारचं स्टूल त्याच्याकडे ढकललं.

"मग बसा," तो म्हणाला. "येईल तेव्हा सांगा. घाई नाही."

अमादेउ बसला.